मुदतीपूर्वी घर सोडताना

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या अरण्यप्रदेशापासून फारसे दूर नसलेले प्रतापगड हे गाव झाडीपट्टीतील लोकांना मुख्यतः तेथील डोंगरावरच्या महादेवामुळे आणि त्याच परिसरातील दर्ग्यामुळे परिचित आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत शेजारच्या जिल्ह्यांतूनही येथे माणसांचे लोंढे येतात, आणि यात्रा उठली म्हणजे गाव पुन्हा आपल्या धानाच्या आणि तलावांच्या व्यवहारात गढून जाते. अशा गावात घरभाड्याचा बाजार म्हणून काही नसतो. शाळेवर नेमणूक होऊन आलेला शिक्षक, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, वनरक्षक, ग्रामसेवक, असे परगावचे नोकरदार हेच येथले किरायदार; आणि वडिलोपार्जित घराच्या ओसरीलगत कवेलूच्या छपराखाली दोन खोल्या व मागे थोडी सांदवाडी एवढे ज्याच्याकडे रिकामे आहे, तो शेतकरी येथला घरमालक. बोलणे तोंडीच होते, एका महिन्याचा किराया आगाऊ दिला जातो, वीजमीटरचा त्या दिवशीचा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला जातो, आणि महिन्याभरात दोन्ही चुलींवरची ताटे सणावारी इकडून तिकडे जाऊ लागतात.

या व्यवहारात आजार शिरला म्हणजे मात्र सगळाच प्रश्न पालटतो. ज्याची मूत्रपिंडे निकामी होऊन आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिस घेणे प्राप्त झाले आहे, ज्याला कर्करोगाच्या औषधोपचारासाठी महिनेच्या महिने नागपुरास राहावयाचे आहे, किंवा ज्याच्या घरातील मुलाला सिकलसेलच्या वेदनांचे झटके वारंवार येऊन मोठ्या रुग्णालयाजवळ असणे आवश्यक झाले आहे, अशा माणसाने प्रतापगडची खोली सोडून गोंदिया, ब्रह्मपुरी अथवा नागपूर गाठावे हे उघड आहे. त्याला कोणी थांबवीतही नाही. परंतु त्याने अकरा महिन्यांचा, दोन वर्षांचा किंवा तीन वर्षांचा लेखी करार केलेला असेल, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे त्याच्या माथी बसते काय, ठेवलेली अनामत बुडते काय, आणि प्रकृतीचे कारण हे कायद्याच्या दृष्टीने कारण म्हणून गणले जाते काय, हे प्रश्न त्याच्यासमोर नेमके अशा वेळी उभे राहतात की ज्या वेळी त्यांचा विचार करण्याची त्याच्या अंगी ताकद उरलेली नसते.

तोंडी बोलणीवर राहणाऱ्याची स्थिती या बाबतीत सर्वांत सुरक्षित आहे, आणि खेड्यांतील बहुसंख्य भाडेकरूंना हे ठाऊकच नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०६ प्रमाणे करार अथवा स्थानिक रूढी वेगळी नसेल, तर शेती व कारखानदारीव्यतिरिक्त अन्य कारणासाठी दिलेली जागा ही महिनेवारीने दिलेली समजली जाते, आणि अशी भाडेदारी दोहोंपैकी कोणत्याही पक्षाला १५ दिवसांची लेखी सूचना देऊन संपविता येते. पूर्वी ही सूचना भाड्याच्या महिन्याच्या अखेरीसच संपली पाहिजे असा दंडक होता, आणि एखाद्या दिवसाच्या चुकीमुळे कित्येक नोटिसा न्यायालयात निकामी ठरत. २००२ च्या दुरुस्तीनंतर सूचना मिळाल्याच्या दिवसापासून १५ दिवस मोजावयाचे, एवढेच पुरेसे झाले. सूचना लेखी हवी, तिच्यावर सही हवी, आणि ती टपालाने पाठविली, घरमालकाच्या हाती दिली किंवा त्याच्या कुटुंबीयांपैकी कोणाजवळ दिली तरी चालते. म्हणजे प्रतापगडच्या त्या शिक्षकाने वैद्यकीय दाखला जोडण्याचीही गरज नाही. आपण का जातो हे सांगणे हा सौजन्याचा भाग आहे. कायदा त्याची चौकशी करीत नाही.

अडचण आहे ती मुदतबंद कराराची. अशा करारात भाडेकरूच्या आजारपणाविषयी आमच्या कायद्याने एक अक्षरही उच्चारलेले नाही. कलम १११ मध्ये पट्टा कोणकोणत्या रीतीने संपुष्टात येतो याची यादी दिली आहे: मुदत सरल्याने, पट्टेदाराने हक्क सोडून दिल्याने, अटी मोडल्यामुळे जप्ती झाल्याने, रीतसर सूचनेने, इत्यादी. तीत आग नाही, पूर नाही आणि व्याधीही नाही. आगीचा आणि पुराचा उल्लेख कलम १०८ मध्ये येतो. आग, वादळ, पूर, सैन्याचा अथवा जमावाचा अत्याचार यांमुळे जागा नष्ट झाली किंवा कायमची निरुपयोगी झाली, तर पट्टा रद्दबातल मानण्याची मुभा भाडेकरूला आहे. जागा धड राहिली आणि जागेत राहणारा माणूसच मोडून पडला, तर काय करावे, हे त्या कलमात नाही. वास्तूच्या आरोग्याची काळजी १८८२ च्या विधिकारांनी घेतली आणि वास्तव्य करणाऱ्याच्या आरोग्याची घेतली नाही, ही उणीव आज जवळजवळ दीड शतक तशीच राहिली आहे.

या दृष्टिकोनाचे मूळ बरेच जुने आहे. इंग्लंडात १६४७ साली निवाडा झालेल्या पॅराडाइन विरुद्ध जेन या खटल्यात राजपुत्र रूपर्टच्या सैन्याने जमिनीवरून हुसकून लावलेल्या पट्टेदारालाही भाड्याच्या दायित्वातून सुटका मिळाली नाही. जे बंधन माणसाने आपल्या शब्दाने स्वीकारले आहे ते संकट आले म्हणून सुटत नाही, संकटाची तरतूद त्याने करारातच करावयास हवी होती, असे न्यायालयाने सांगितले. आमच्याकडे करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ५६ मध्ये पालन अशक्य झालेला करार शून्य होतो असे तत्त्व आहे खरे. पण फाळणीमुळे पाकिस्तानात गेलेल्या जमिनीच्या पट्ट्याविषयी राजा ध्रुवदेव चंद विरुद्ध हरमोहिंदर सिंग या प्रकरणात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पूर्ण झालेल्या पट्ट्याला लागू होत नाही असे ठरविले. कारण, पट्टा हे केवळ पुढे काही करण्याचे वचन नसून जागेतील एका हक्काचे हस्तांतरण आहे, आणि ते सहीच्या दिवशीच होऊन चुकलेले असते. महासाथीच्या वर्षीही, म्हणजे २०२० साली, दिल्ली उच्च न्यायालयाने टाळेबंदीमुळे भाडेतहकुबी मागणाऱ्या दुकानदारास हेच उत्तर दिले. त्याच वर्षी १७ एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांनी किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी अशी सूचना काढली, ती दयेची होती आणि योग्यही होती. पण पुढे ढकललेले भाडे माफ झालेले नसते.

ज्या वेळी घर स्वतःच रोगाचे कारण असते, त्या वेळी कायद्याचा सूर थोडा निराळा लागतो. १८४३ सालच्या स्मिथ विरुद्ध मॅरेबल या खटल्यात ब्रायटन येथे सामानसुमानासह भाड्याने घेतलेल्या घरात ढेकणांचा सुळसुळाट निघाला म्हणून भाडेकरू निघून गेला, आणि सुसज्ज म्हणून दिलेले घर राहण्यास योग्य असलेच पाहिजे असे म्हणून न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. पुढे १९२३ साली, ज्या सुसज्ज घरात आधी क्षयरोगी राहून गेला होता ते घर नव्या भाडेकरूवर लादता येणार नाही, असाही निर्णय झाला. क्षयाच्या औषधाचा शोध लागण्यापूर्वीचा तो काळ लक्षात घेता त्या निर्णयाचे मोल कळते. आमच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यात जागा चांगल्या दुरुस्तीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकावर टाकले आहे. त्याने कुचराई केली तर १५ दिवसांची सूचना देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा तो अधिक नसावा, अशी तजवीज आहे. गळके छप्पर, ओल धरलेल्या भिंती आणि त्यापायी उफाळलेला दमा, अशी ज्याची तक्रार आहे त्याने घर सोडण्यापूर्वी ही सूचना अवश्य द्यावी. पुढे वाद झालाच तर दोष कोणत्या बाजूचा होता याचा तो लेखी पुरावा ठरतो.

येथे थोडे थांबून आमच्या भाडेकायद्यांचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे, कारण वरील मौनाचे कारण त्यात सापडते. गोंदिया हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता, आणि भंडारा हा मध्यप्रांत-वऱ्हाडचा मुलूख असल्यामुळे मुंबईचा १९४७ चा भाडेकायदा येथे कधी आलाच नाही. येथील शहरांतून अंमल चालत असे तो १९४९ च्या सी. पी. अँड बेरार घरभाडे नियंत्रण आदेशाचा. त्या आदेशाप्रमाणे घर खाली करण्याची नोटीस देण्यासाठीसुद्धा मालकाला आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि रिकाम्या होणाऱ्या घराची खबर सरकारदरबारी द्यावी लागे. परवानगी ज्या कारणांनी मिळे, त्यांत भाडेकरू सलग चार महिने गाव सोडून गेला असून त्याला त्या घराची वाजवी गरज उरलेली नाही, हे एक कारण होते. दीर्घ औषधोपचारासाठी परगावी गेलेल्या रुग्णाच्या घरावर यामुळे टांगती तलवार राहत असे. आजच्या अधिनियमातही वाजवी कारणावाचून सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकाला ताबा मागता येतो. ‘वाजवी कारण’ या दोन शब्दांत रुग्णालयातील वास्तव्याला जागा आहे, आणि म्हणूनच उपचारास जाणाऱ्याने जाताना मालकास लेखी कळवून जावे. तात्पर्य, युद्धोत्तर घरटंचाईच्या छायेत जन्मलेल्या या साऱ्या कायद्यांसमोर भाडेकरूची एकच मूर्ती होती: घर सोडण्यास तयार नसलेला, आणि म्हणून संरक्षणास पात्र असलेला माणूस. घर सोडू इच्छिणारा आणि सोडता न येणारा भाडेकरू त्यांच्या कल्पनेत आलाच नाही.

तो अन्यत्र आला आहे. फ्रान्समध्ये ६ जुलै १९८९ च्या कायद्यानुसार रिकामे घर भाड्याने घेणाऱ्याने सोडताना तीन महिन्यांची सूचना द्यावयाची असते. परंतु प्रकृतीमुळे निवासस्थान बदलणे आवश्यक आहे असे वैद्यकीय दाखल्याने सिद्ध केले, की तीच मुदत एका महिन्यावर येते. प्रारंभी ही सवलत ६० वर्षांवरील वृद्धांपुरती होती, २०१४ साली वयाची अट काढून टाकण्यात आली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात आजाराने वा अपघाताने अपंगत्व येऊन कुटुंबाचे उत्पन्न बुडाले, तर लेखी सूचना मिळाल्यापासून ४० व्या दिवशी पट्टा संपतो. या तरतुदींनी त्या देशांतील घरमालक देशोधडीस लागलेले नाहीत. महिन्याचे भाडे त्यांना मिळते, घर मोकळे मिळते, आणि रोग्याला दोन घरांचे भाडे भरण्याच्या यातनेतून सोडविले जाते. ज्या राज्याने असाध्य वा गंभीर आजार असलेल्या जिल्हा परिषद शिक्षकाला बदलीत अग्रक्रम देण्याचे धोरण आखले, त्या राज्याने त्याच शिक्षकाच्या भाडेकरारासाठी असे एक कलम का घालू नये, हे मला समजत नाही. सिकलसेल हा रक्तविकार २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात दिव्यांगत्व म्हणून नोंदला गेला आहे, आणि पूर्व विदर्भात त्याचे रुग्ण किती आहेत हे सरकारच्या आरोग्य विभागास माहीत आहे. तेव्हा प्रश्न परका नाही.

प्रतापगडच्याच परिसरात १९७२ पासून वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात अशा वसाहतींच्या जमिनीचा पट्टा २० वर्षांच्या मुदतीने करून देण्याची योजना आहे, आणि तो पट्टा एकेका कुटुंबाशी नव्हे तर त्यांच्या संस्थेशी करावयाचा आहे. त्यामुळे एखादे वृद्ध जोडपे औषधोपचारासाठी दूर गेले तरी पट्ट्याला धक्का लागत नाही. एकट्या माणसाच्या खांद्यावरील मुदत आणि समूहाच्या खांद्यावरील मुदत यांत हा मोठा भेद आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. आज ज्याला सही करावयाची आहे त्याने काय करावे? लेखी करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ या नावाने होतो. तो ज्या गावांना १९९९ चा अधिनियम लागू आहे तेथे नोंदवावा लागतो, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींविषयी वाद पडल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल ते खरे मानले जाते. खर्चही भारी नाही: ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या, अनामतीवरील काल्पनिक व्याज मिळवून, पाव टक्का. तेव्हा खर्च टाळण्यासाठी कोरा स्टॅम्पपेपर सही करून देण्याची चाल सोडून द्यावी.

या दस्तऐवजातील दोन कलमे सहीपूर्वी मोठ्याने वाचून घ्यावीत. एक सूचनेचे, दुसरे ‘लॉक-इन’चे, म्हणजे अमुक महिन्यांपर्यंत कोणत्याही कारणास्तव घर सोडता येणार नाही आणि सोडल्यास उरलेल्या काळाचे भाडे द्यावे लागेल असे सांगणारे. दुसऱ्या कलमाच्या शेवटी पुढील मजकूर घालून घ्यावा, आणि भला घरमालक त्याला हरकत घेणार नाही: ‘तथापि भाडेकरू अथवा त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातील व्यक्ती गंभीर आजाराने वा अपघाताने ग्रस्त होऊन अन्यत्र राहणे आवश्यक असल्याचा नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीचा दाखला दिल्यास, किंवा भाडेकरूचा मृत्यू झाल्यास, ३० दिवसांच्या लेखी सूचनेने हा करार संपेल, उर्वरित मुदतीचे भाडे देय राहणार नाही, व अनामत रक्कम ताबा दिल्याच्या दिवशी परत करण्यात येईल.’ आजाराचे नाव दाखल्यात असण्याची गरज नाही, राहण्याची जागा बदलणे आवश्यक आहे एवढे पुरे. कारण खेड्यात रोगाचे नाव बाहेर पडले की ते माणसाच्या आधी पुढच्या गावी पोचते, आणि तेथेही खोली मिळणे कठीण होते. एचआयव्हीबाधित व्यक्तीस केवळ त्या कारणाने भाड्याचे घर नाकारणे किंवा त्यातून काढणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध केले आहे. इतर रोग्यांना मात्र असे स्पष्ट कवच नाही.

असा मजकूर घातलाच नसेल आणि आजार तर येऊन उभा राहिला असेल, तरी सर्व मार्ग खुंटत नाहीत. पहिला मार्ग सरळ बोलण्याचा. दोघांच्या संमतीने मुदत केव्हाही संपविता येते. भाडेपट्टा असेल तर त्याला हक्क सोडून देणे म्हणतात, आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’चा परवाना असेल तर सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ६२ प्रमाणे परवानाधारकाने तो परत केला म्हणजे तो रद्द झाला असे समजले जाते. फीची बाकी मात्र करारानुसार उरू शकते, म्हणून संमती कागदावर घ्यावी. दुसरा मार्ग बदली भाडेकरू आणून देण्याचा. मालकाच्या परवानगीवाचून स्वतः पोटभाडेकरू ठेवू नये, तर नव्या माणसाशी मालकाचाच नवा करार घडवून आणावा. तिसरे, मालकाने उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे मागितले तरी ते जसेच्या तसे देय होते असे मानण्याचे कारण नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ मध्ये दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच नुकसानभरपाई देते, हे तत्त्व फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निर्णयाने पक्के झाले आहे. आणि नुकसान मोजताना ते टाळण्याची कोणती साधने हाती होती हेही पाहावे, असे कलम ७३ चे स्पष्टीकरण सांगते. खोली पुढच्याच महिन्यात दुसऱ्याला दिली गेली असेल, तर आधीच्या रोग्याकडून वर्षाचे भाडे मागणारा मालक न्यायालयात टिकणे कठीण.

मालकाचीही बाजू विसरून चालणार नाही. प्रतापगडसारख्या ठिकाणी खोली एकदा रिकामी पडली की पुढील बदल्यांच्या हंगामापर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत, ती तशीच राहण्याचा संभव असतो, आणि त्या भाड्यावर कदाचित मुलाच्या शिक्षणाचा खर्च चाललेला असतो. म्हणून एका महिन्याचे भाडे सोडणे हे रोग्याला जड नसेल तर न्याय्य आहे. अनामतीतून ते वळते करून घ्यावे.

घर सोडण्याच्या दिवशी वीजमीटरच्या आकड्याची, भिंतींची व दारांची छायाचित्रे घ्यावीत, महावितरणचे बिल चुकते करावे, आणि किल्ली देताना ताबापावती करून घ्यावी. तीत तारीख, मीटरचा आकडा, परत केलेली अनामत आणि ‘कोणतेही येणे बाकी नाही’ एवढे लिहून दोघांच्या सह्या असाव्यात. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल तर त्याने सही केलेले अधिकारपत्र घेऊन नातेवाइकाने हे काम करावे. अनामत मिळाली नाही तर प्रथम लेखी मागणी करावी, आणि तीन वर्षांच्या मुदतीच्या आत दिवाणी न्यायालयात दावा रुजू करावा. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाणे शहाणपणाचे, कारण स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार वकील विनामूल्य मिळतो, आणि तेथूनच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. तेथे तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील चालत नाही.